विश्लेषण : कीर्तीची ओढ माणसाला घडवते की बिघडवते? रोमन इतिहासकार सॅलस्टचे उत्तर काय?

सिनेटमधून हकालपट्टी झालेला आणि प्रांत लुटल्याचा आरोप असलेला एक राजकारणी चाळिशी ओलांडल्यावर सत्ताकारण सोडतो आणि इतिहास लिहायला बसतो. पहिल्याच पानावर तो सांगतो, की संपत्तीचा आणि रूपाचा बोलबाला चार दिवसांचा असतो, टिकते ते कर्तृत्व. हा लेखक म्हणजे गायस सॅलस्टियस क्रिस्पस, अर्थात सॅलस्ट. कीर्ती, सद्गुण आणि मनुष्यस्वभाव यांविषयीचे त्याचे चिंतन दोन हजार वर्षांनंतरही वाचले जाते. पण अशा माणसाने सद्गुणांवर बोलावे का, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

सॅलस्ट कोण होता?

सॅलस्टचा जन्म इ. स. पू. ८६ मध्ये इटलीतील अमिटर्नम या गावी झाला. आजच्या लाक्विला शहराजवळ या गावाचे अवशेष आहेत. घरची परिस्थिती चांगली असली तरी रोमवर पिढ्यानपिढ्या राज्य करणाऱ्या कुळांत त्याचे घराणे नव्हते. अशा कुळांबाहेरून वर आलेल्या राजकारण्याला रोमन लोक ‘नवा माणूस’ म्हणत. या संबोधनात कौतुकापेक्षा तुच्छताच अधिक असे.

इ. स. पू. ५२ मध्ये तो ट्रिब्यून, म्हणजे सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी झाला. इ. स. पू. ५० मध्ये त्याला अनैतिक वर्तनाच्या ठपक्यावरून सिनेटमधून काढण्यात आले. यामागे राजकीय सूड असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढच्याच वर्षी ज्युलियस सीझर आणि पॉम्पी यांच्यात यादवी पेटली, तेव्हा सॅलस्ट सीझरच्या बाजूने उतरला. इ. स. पू. ४६ मध्ये सीझरने त्याला उत्तर आफ्रिकेतील नव्या प्रांताचा राज्यपाल नेमले. पूर्वी नुमिडियाच्या राज्यात असलेला हा मुलूख आजच्या अल्जीरिया आणि ट्युनिशियाच्या भागात येतो. तिथून परतल्यावर त्याच्यावर प्रजेकडून पैसे उकळल्याचा आरोप झाला. शिक्षा मात्र झाली नाही. सीझरमुळे तो वाचला, असे म्हटले जाते.

इ. स. पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला. त्या सुमारास सॅलस्टने सार्वजनिक जीवन सोडले आणि लेखणी हाती घेतली. इ. स. पू. ३५ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. त्याने कॅटिलिनाच्या कटावर एक, नुमिडियाचा राजा जुगुर्था याच्याशी झालेल्या युद्धावर एक आणि इ. स. पू. ७८ पासूनच्या घडामोडींवर पाच भागांचा एक असे तीन ग्रंथ लिहिले. पहिले दोन पूर्ण उपलब्ध आहेत. तिसऱ्यातील काही भाषणे, पत्रे आणि तुकडेच उरले आहेत.

‘व्हर्टुस’ म्हणजे नेमके काय?

सॅलस्टच्या विचाराचा कणा एका लॅटिन शब्दात आहे : ‘व्हर्टुस’. हा शब्द ‘व्हिर’ म्हणजे पुरुष या शब्दापासून बनला. पुरुषापासून पौरुष, तसेच काहीसे. सुरुवातीला त्याचा अर्थ रणांगणावरील शौर्य एवढाच होता. पुढे त्यात सद्गुणाची भर पडली. इंग्रजीतील ‘व्हर्च्यू’ हा शब्द याच मुळातून आला.

रोमच्या उमरावांच्या लेखी हा गुण रक्तातून येई. आजोबा कॉन्सल होते, म्हणजे नातूही थोर. सॅलस्टने हे समीकरणच नाकारले. त्याच्या मते बुद्धी आणि मेहनत वापरून केलेले मोठे काम म्हणजे ‘व्हर्टुस’. ते युद्धात दिसेल, कायद्यात दिसेल, शेतात दिसेल, लेखनातही दिसेल. जन्माचा त्याच्याशी संबंध नाही.

जुगुर्थावरील ग्रंथात सॅलस्टने सेनापती मारियसच्या तोंडी एक भाषण घातले आहे. इ. स. पू. १०७ मध्ये कॉन्सल झालेला मारियसही ‘नवा माणूस’ होता. रोमच्या बड्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे मांडलेले असत आणि घरातील अंत्ययात्रांमध्ये ते मिरवले जात. मारियस म्हणतो, की आपल्याकडे असे मुखवटे नाहीत, पण युद्धात मिळवलेले भाले आणि छातीवरचे वण दाखवता येतील. मिळालेला वारसा धुळीला मिळवण्यापेक्षा स्वतःचे नाव स्वतः कमावलेले बरे, असा त्याचा दावा आहे.

मुखवट्यांचा उल्लेख याच ग्रंथाच्या प्रस्तावनेतही येतो. जुन्या काळचे थोर सेनानी पूर्वजांचे मुखवटे पाहून पेटून उठत, असे सॅलस्ट नोंदवतो. पण ही ताकद मेणात नव्हती, पूर्वजांनी केलेल्या कामाच्या आठवणीत होती, असेही तो बजावतो. कीर्तीचा त्याला मान्य असलेला उपयोग हा आहे. मागच्या पिढीचे काम पुढच्या पिढीला कामाला लावते.

कीर्ती हवीच कशाला?

सॅलस्टचा युक्तिवाद प्राण्यांपासून सुरू होतो. जनावरे खाली मान घालून पोटामागे धावतात. माणसाला शरीर जनावरांसारखे मिळाले, पण बुद्धी देवांच्या जातकुळीची मिळाली. मग केवळ खाणे, झोपणे आणि सुखोपभोग यांत आयुष्य घालवणाऱ्यात आणि जनावरात फरक काय राहिला? आयुष्य तर छोटे आहे. त्यामुळे मागे राहणारी आठवण शक्य तितकी लांबवावी, असे तो सुचवतो.

जुगुर्थाच्या ग्रंथात तो आणखी एक पाऊल पुढे जातो. माणसे स्वतःच्या स्वभावाला दोष देतात. आपण दुबळे, आपले आयुष्य अपुरे आणि सगळे नशिबाच्या हाती, अशी तक्रार करतात. सॅलस्टला ही तक्रार खोटी वाटते. कमतरता शक्तीची किंवा वेळेची नसते, उद्योगाची असते. सुखात वेळ दवडायचा आणि हाती काही उरले नाही की दोष निसर्गाला द्यायचा, ही सवय त्याने नेमकी हेरली आहे.

महत्त्वाकांक्षा हा गुण की दोष?

कीर्तीची इच्छा चांगली म्हटली, तर प्रसिद्धीसाठी वाट्टेल ते करणाऱ्याचे काय? सॅलस्टचे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण इथे आहे. महत्त्वाकांक्षा आणि पैशाची हाव हे दोन्ही दोषच, पण त्यांत तो फरक करतो. हाव माणसाला आतून पोखरते आणि तिचे पोट कधी भरत नाही. महत्त्वाकांक्षा हा मात्र सद्गुणाच्या अगदी शेजारी राहणारा दोष आहे. मान, नाव आणि सत्ता चांगल्या माणसालाही हवी असते आणि नालायकालाही. पहिला सरळ रस्त्याने जातो. दुसऱ्याकडे तेवढे गुण नसतात, म्हणून तो कपटाचा आधार घेतो.

दोघांचे गाव एकच असल्यामुळे सुरुवातीला कोण कोणत्या वाटेने निघाला आहे, हे बघणाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा त्या माणसालाही कळत नाही. महत्त्वाकांक्षेने कित्येकांना मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवायला शिकवले, असे सॅलस्ट लिहितो. मैत्री आणि वैर गुणांवरून न ठरता फायद्यावरून ठरू लागते. आतून चांगले असण्यापेक्षा चेहरा चांगला ठेवणे महत्त्वाचे होते. नाव मोठे आणि लक्षण खोटे, अशी ही अवस्था.

मारियसलाही तो यातून सूट देत नाही. सामान्य घरातून आलेल्या या सेनापतीचे गुण सांगताना, पुढे महत्त्वाकांक्षेनेच त्याचा कडेलोट केला, हे तो एका वाक्यात सांगून टाकतो.

कॅटिलिनाची कथा काय सांगते?

लुसियस सर्जियस कॅटिलिना हा जुन्या उमराव घराण्यातला. कॉन्सलपदाच्या निवडणुकीत हरल्यावर इ. स. पू. ६३ मध्ये त्याने सत्ता उलथवण्याचा कट रचला. त्या वर्षीचा कॉन्सल होता प्रसिद्ध वक्ता सिसेरो. कट उघडकीस आला, कॅटिलिना रोम सोडून आपल्या फौजेकडे गेला आणि शहरात राहिलेले त्याचे पाच प्रमुख साथीदार पकडले गेले.

सॅलस्टने कॅटिलिना निव्वळ खलनायक म्हणून रंगवलेला नाही. भूक, थंडी आणि जागरण सोसणारे शरीर, धाडसी मन आणि बोलण्याची हातोटी हे सगळे त्याच्याकडे होते. नव्हता तो विवेक. दुसऱ्याच्या मालावर डोळा ठेवायचा आणि स्वतःचा पैसा उधळायचा, हा त्याचा स्वभाव. रोमला मोठे करणारी शक्तीच त्याच्यात होती, पण तिला दिशा नव्हती. गुण आणि सद्गुण यांच्यातले अंतर वाचकाला इथे दिसते.

इ. स. पू. ६२ च्या सुरुवातीला पिस्टोरियाजवळ, म्हणजे आजच्या पिस्टोइया शहराच्या परिसरात, शेवटची लढाई झाली. कॅटिलिना आपल्या सैनिकांच्या पुष्कळ पुढे, शत्रूंच्या प्रेतांमध्ये सापडला. त्याचा श्वास अजून थोडा चालू होता. त्याचे सैनिक जिथे उभे होते तिथेच पडले होते आणि जवळपास सगळ्यांच्या जखमा छातीवर होत्या. विजयी सैनिक प्रेते उलटून पाहू लागले, तेव्हा कोणाला त्यात मित्र सापडला, कोणाला नातेवाईक. सॅलस्ट ग्रंथ इथेच संपवतो. ज्या शौर्याने रोमन साम्राज्य उभे राहिले, तेच रोमन माणसांनी एकमेकांविरुद्ध वापरले होते.

सीझर की केटो?

पकडलेल्या पाच जणांचे काय करायचे, यावर ५ डिसेंबर रोजी सिनेटमध्ये चर्चा झाली. मालमत्ता जप्त करून त्यांना वेगवेगळ्या गावांत कैदेत ठेवावे, असे सीझरचे म्हणणे होते. धाकट्या केटोने मृत्युदंडाची मागणी केली. सिनेटने केटोचे ऐकले आणि पाचही जणांना मारण्यात आले.

सॅलस्टने दोघांची भाषणे आपल्या शब्दांत लिहिली आणि मग दोघांची तुलना केली. आपल्या काळात अफाट कर्तृत्वाची, पण अगदी भिन्न स्वभावाची हीच दोन माणसे होऊन गेली, असे त्याचे मत. सीझर मोठा झाला तो देण्याने, मदत करण्याने आणि क्षमा करण्याने. केटो मोठा झाला तो स्वच्छ आणि कडक वागण्याने. अडचणीत सापडलेल्याला सीझरचा आधार वाटे, तर दुष्टाला केटोची धास्ती. सीझरला आपले कर्तृत्व झळकेल असे एखादे नवे युद्ध हवे होते. केटोला चांगले दिसण्यात रस नव्हता, चांगले असण्यात होता. म्हणून तो कीर्तीच्या मागे जितका कमी लागला, तितकी ती त्याच्या मागे आली.

सॅलस्ट स्वतः सीझरचा माणूस. तरीही शेवटचे वाक्य त्याने केटोला दिले. हे लिहिले जात असताना दोघेही हयात नव्हते. सीझरच्या विजयानंतर इ. स. पू. ४६ मध्ये केटोने आत्महत्या केली होती आणि दोन वर्षांनी सीझरचा खून झाला होता. रोमला दोघांचेही गुण हवे होते. ते एका माणसात नव्हते आणि ती दोन माणसे एकत्र नांदू शकली नाहीत.

कीर्ती कोणाच्या हाती असते?

काम मोठे असले की नाव आपोआप होते, या समजाला सॅलस्ट धक्का देतो. अथेन्सचा पराक्रम मोठा होता, पण त्याची ख्याती त्याहून मोठी झाली, कारण तिथे प्रतिभावान लेखक जन्मले. रोममध्ये कर्तबगार माणसे बोलण्यापेक्षा करण्यात गुंतलेली होती, त्यामुळे त्यांचे काम कमी सांगितले गेले.

इतिहास लिहिणेही सोपे नाही. एक तर शब्द कामाच्या तोलाचे हवेत. दुसरे म्हणजे, लेखकाने दोष दाखवले की लोक त्याला मत्सरी म्हणतात. त्याने थोरवी सांगितली, तर वाचक स्वतःला जमेल एवढेच खरे मानतो आणि त्यापलीकडचे सगळे बनावट समजतो. दुसऱ्याचे मोठेपण आपल्याच मापाने मोजण्याची ही खोड कोणत्याही काळातील वाचकाला ओळखू येईल.

सिसेरोला हे चांगले ठाऊक होते. आपल्या कॉन्सलपदाचा इतिहास लिहावा आणि कौतुक थोडे सढळ हाताने करावे, अशी विनंती त्याने इ. स. पू. ५५ मध्ये ल्युसियस या लेखक मित्राला पत्राने केली होती. ते पत्र आजही उपलब्ध आहे. कट मोडण्याचे श्रेय मिरवणाऱ्या याच सिसेरोला सॅलस्टने ग्रंथात बेताचीच जागा दिली. शेवटची तुलना रंगली ती सीझर आणि केटो यांची.

बिघाड परिस्थितीत की मनुष्यस्वभावात?

रोम बिघडले केव्हा, याला पहिल्या दोन ग्रंथांत सॅलस्टचे उत्तर ठाम आहे : इ. स. पू. १४६ मध्ये, कार्थेज नष्ट झाल्यावर. बलाढ्य शत्रूचा धाक होता तोवर रोमन नागरिक सचोटीने आणि एकोप्याने वागत. धाक गेला, पैसा आणि फुरसत आली, त्यामागून हाव आली. पुढे सेनापती सुल्लाने आशियातील मोहिमेत सैनिकांना मोकळे सोडले आणि त्यांना दारू, चैन आणि लुटीची चटक लागली.

जुगुर्थाची कथाही याच धाटणीची आहे. तरुणपणी हा राजपुत्र घोडेस्वारी आणि भालाफेकीत तरबेज होता. तो काम खूप करी आणि स्वतःविषयी बोले कमी. स्पेनमधील नुमांतिया येथे रोमन सैन्यासोबत लढताना काही रोमन अधिकाऱ्यांनीच त्याच्या कानात भरवले, की रोममध्ये पैशाने सगळे मिळते. सेनापती स्किपिओने त्याला लाचेच्या वाटेला न जाण्याचा सल्ला दिला होता. त्याने तो ऐकला नाही. संगतीने गुणी माणूस कसा नासतो, त्याचा हा नमुना.

शेवटच्या ग्रंथात मात्र सूर बदलतो. उरलेल्या तुकड्यांत तो म्हणतो, की रोममध्ये कलह आणि बलवानांचा अन्याय अगदी सुरुवातीपासून होता. त्याचे मूळ अस्वस्थ आणि कधीही न आवरणाऱ्या मनुष्यस्वभावात आहे. स्वातंत्र्य, कीर्ती किंवा सत्ता यांसाठी तो सतत झगडत राहतो. म्हणजे कार्थेजच्या भीतीने माणसे चांगली झाली नव्हती, काही काळ दबून राहिली होती. आधीच्या ग्रंथांतल्या सोनेरी भूतकाळावरचा विश्वास लेखकाच्या मनातूनच ओसरत गेलेला दिसतो.

त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

सॅलस्टवरील आक्षेप गंभीर आहेत. आफ्रिकेतील लुटीचा आरोप करताना, तिसऱ्या शतकात लिहिणाऱ्या डिओ कॅसियस या इतिहासकाराने त्याच्या वागण्यातील आणि लेखनातील विसंगतीवर नेमके बोट ठेवले. कॅटिलिनाचा कट त्याने प्रत्यक्षापेक्षा आधी सुरू झाल्याचे दाखवले, असेही आधुनिक अभ्यासकांचे म्हणणे आहे. त्याच्या ग्रंथांतील भाषणे ही शब्दशः नोंद नाही.

दुसरी बाजूही आहे. त्याचे अनेक टीकाकार त्याच्या शत्रुपक्षातले किंवा फार नंतरच्या काळातले होते. आणि मुख्य म्हणजे, आपण स्वच्छ होतो असा दावा तो करत नाही. तरुणपणी राजकारणात आलो, तिथे संयमाऐवजी उद्दामपणा, लाच आणि हाव दिसली. मनाला ते पटत नव्हते, तरी पदाच्या हव्यासाने आपल्यालाही तिथे धरून ठेवले, अशी कबुली तो पहिल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच देतो. आफ्रिकेविषयी मात्र त्यात चकार शब्द नाही. कबुली अर्धीच राहिली. तरी महत्त्वाकांक्षा सद्गुणाच्या किती जवळ उभी असते, हे त्याने त्या वाटेवर चालूनच पाहिले होते.

पाचव्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने सॅलस्टचाच आधार घेऊन पुढचा प्रश्न विचारला. कीर्तीच्या मोहाने रोमन लोकांचे इतर दोष दबले असतील, पण स्तुतीची भूक हाही दोष नाही का? हा वाद आजही मिटलेला नाही.

आज काय उरले आहे?

सॅलस्टच्या नावाने रोममध्ये विस्तीर्ण बागा होत्या. त्या पुढे सम्राटांच्या ताब्यात गेल्या. इ. स. ४१० मध्ये अलारिकचे गॉथ सैन्य याच बाजूच्या दरवाजाने शहरात शिरले, तेव्हा तिथल्या वास्तूंची जाळपोळ झाली. आज पियाझ्झा सॅलुस्टियो या चौकात रस्त्याच्या पातळीच्या बऱ्याच खाली काही भिंती दिसतात. त्याही बहुतांशी त्याच्या नंतरच्या काळातील आहेत.

ग्रंथ मात्र हाताने नकलून जपले गेले. १४७० मध्ये व्हेनिसमध्ये ते छापले गेले आणि पुढे युरोपातील शाळांमध्ये शतकानुशतके शिकवले गेले. बागांसाठी पैसा कुठून आला, याचा संशय मात्र अजूनही त्याच्या नावाला चिकटून आहे.